‘कुली’ या शब्दाची कुळकथा

ज्या तालुक्यात वैनगंगेकाठचे आंभोरा आहे, आणि मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तेथेच रचला अशी श्रद्धा जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या कुहीत शब्दाविषयी बोलण्यास निराळे निमित्त लागू नये. मात्र आम्ही आज घेतलेला शब्द ग्रंथातला नव्हे, फलाटावरचा आहे. गाडी नागपूर स्थानकात शिरली की आपण खिडकीतून हाक मारतो, “ए कुली!” हाक मारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु एके काळी समुद्रापलीकडे याच शब्दाने आपल्या साऱ्या देशाला हाक मारली जात होती.

शब्दाच्या जन्माविषयी दोन मते आहेत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात दोहोंचा विचार आहे. एक मत पश्चिम हिंदुस्थानातील कोळी जमातीच्या नावाकडे बोट दाखविते. दुसरे तमिळ ‘कूली’कडे, म्हणजे मजुरीकडे, जाते. कोणतेही मत घ्या, मुळात अपमानाचा मागमूस नाही. एक जमातीचे नाव, दुसरे घामाचे मोल.

मग विष शिरले कोठून? ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला. उसाचे मळे मात्र बंद झाले नाहीत. गुलामांच्या जागी करारावर बांधलेले हिंदी मजूर नेणे सुरू झाले. १८३४ पासून पुढे एकट्या मॉरिशसच्या धक्क्यावर सुमारे पाच लाख माणसे उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. ‘ॲग्रिमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. सुताराच्या गिरमिटाशी या शब्दाचे नाते नाही, पण भोक तेही पाडीत होते. गोऱ्यांच्या बोलीत या माणसांचे नाव पडले ‘कुली’.

नाताळ वसाहतीत असे मजूर १८६० साली पोहोचले. त्यांच्यामागून व्यापारी गेले, कारकून गेले. शब्द सर्वांना चिकटला. ट्रान्सवालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्यात तर ‘कुली म्हणविले जाणारे’ असा उल्लेखच आला. शिवी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली! १८९३ साली मोहनदास गांधी दरबानला उतरले तेव्हा व्यापारी तो ‘कुली व्यापारी’ आणि ते स्वतः ‘कुली बॅरिस्टर’. तमिळ नावांतील ‘स्वामी’ची ‘सामी’ झाली. ज्या शब्दाचा अर्थ धनी, तोही हिणविण्यास उपयोगी पडला.

आता कथेतील बोचरा भाग. या शब्दापासून सुटण्यासाठी मुसलमान व्यापारी स्वतःस ‘अरब’ म्हणवू लागले, पारशी कारकून ‘पर्शियन’. आम्ही कुली नव्हे, असे प्रत्येकाचे म्हणणे. पण याचा अर्थ असा की कुली म्हणून कोणी हीन आहेच, फक्त तो मी नव्हे! तरुण गांधींच्या आरंभीच्या लिखाणातही आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांविषयी हिणवणारा शब्द येतो. अपमान सोसणारा माणूस तो खाली ढकलू पाहतो, हे आम्हां सर्वांचे दुखणे आहे. गावकुसाबाहेर वस्त्या ठेवणाऱ्या समाजाला ते अधिक सांगावयास नको.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळुकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी निराळी वाट धरली. नाताळची मजूरभरती थांबवावी, हा त्यांचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळाने १९१० साली स्वीकारला. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी गिरमिटाची सारी पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. आम्ही कुली नव्हे, हा त्यांचा मुद्दा नव्हता. कोणाही माणसाला असे बांधू नये, हा होता. तो ठराव पडला. तरी १९१७ साली भरती थांबली. गोखले त्याआधी दोन वर्षे, १९१५ सालीच, निवर्तले होते.

पोर्ट लुईच्या ज्या धक्क्याला ‘कुली घाट’ म्हणत, त्याचे नाव १९८७ साली ‘आप्रवासी घाट’ झाले आणि २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. उलट मॉरिशसचेच कवी खाल तोराबुली यांनी १९९२ साली ‘कुलिट्यूड’ हा शब्द घडवून त्या नावावर अभिमानाने हक्क सांगितला. आपल्याकडे २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलीचे ‘सहायक’ करण्याची घोषणा केली.

नाव बदलले ते बरेच झाले. पण डोक्यावरची पेटी नावाने हलकी होत नाही. पुढच्या खेपेस आपण त्यांना ‘भाऊ’ म्हणू, आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करता हातावर ठेवू. तमिळ भाषेत कूली म्हणतात ती त्यालाच.