दामाचा विसोवा

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरातला शके 1128चा, म्हणजे इ.स. 1207चा शिलालेख गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तिथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. राजवंशाची आणि विद्वानांची स्तुती त्यात संस्कृतात आहे. बाजारातून मठाला काय मिळायचे हे सांगताना मात्र लेख मराठीत बोलू लागतो. ज्यांनी द्यायचे, त्यांना ते कळायला हवे होते.

या मराठी ओळींत विकायला आलेल्या मालाला ‘केणे’ म्हटले आहे. गिऱ्हाइकाकडून मठाला ‘दामाचा विसोवा’ मिळायचा, शिवाय पाच पोफळे. घाण्यामागे पळीभर तेल ठरले होते. विसोवा म्हणजे विंशोपक, विसावा हिस्सा. नाणे, सुपारी आणि तेल अशी तिन्ही देणी एकाच दानपत्रात शेजारी बसली आहेत. आठशे वर्षांपूर्वी खानदेशच्या बाजारात पैसा खेळत होता, पण जिनसांनी आपली जागा सोडलेली नव्हती.

यातला ‘दाम’ फार लांबून आला आहे. ग्रीकांचे चांदीचे नाणे ‘द्राख्मे’. त्याचा मूळ अर्थ मूठभर. यवन राजांच्या नाण्यांबरोबर हे नाव भारतात रुजले. त्याचे संस्कृतात ‘द्रम्म’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘दाम’. पुढे अकबराच्या काळात दाम हे तांब्याचे नाणे होते आणि चाळीस दामांचा एक रुपया होई. धातू बदलला, वजन बदलले, राज्ये बदलली. मराठीत दाम म्हणजे शेवटी किंमतच झाली, आणि ‘दाम करी काम’ असे आपण सहज म्हणू लागलो.

असे का व्हावे, याचे उत्तर भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त सापडते. इ.स. 1150च्या सुमाराचा हा ग्रंथ सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक देतो: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माच्या 1280 कवड्या. पुढे ‘भांडप्रतिभांडक’ नावाचे प्रकरण येते. इथे भांड म्हणजे माल; ‘भांडवल’ या शब्दातही तेच भांड दिसते. या प्रकरणात मालाच्या बदल्यात माल घेण्याची गणिते आहेत. एक उदाहरण असे: द्रम्माला तीनशे आंबे आणि पणाला तीस डाळिंबे मिळतात, तर दहा आंब्यांच्या बदल्यात किती डाळिंबे यावीत? उत्तर सोळा. या सौद्यात एकही नाणे हातात पडत नाही. तरी द्रम्म आणि पण मध्ये उभे राहिल्याशिवाय आंब्याला डाळिंबाचा भाव कळत नाही. पैशाचे खरे काम हेच, दोन अनोळखी वस्तूंची गाठ घालून देणे. हे काम दामाने इतके केले की त्याचे नाव कुठल्याही एका नाण्यापुरते उरले नाही.

त्याच कोष्टकातल्या तळाच्या पायरीचे नशीब मात्र उलटे निघाले. मालदीवच्या समुद्रातून आलेली कवडी, संस्कृतातली ‘कपर्दिका’, शतकानुशतके बाजारात चालली. तिने काही विकत मिळेनासे झाले तेव्हा ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ असे शब्दप्रयोग मागे राहिले. द्रम्माचेच धाकटे रूप असलेली ‘दमडी’ही कंजुषीच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

दाम मात्र जिथे गेला तिथे वजन घेऊन गेला. एका वेळी व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हा जुना धर्मशास्त्रीय नियम मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत ‘दामदुपट’ या नावाने चालला. कर्जदाराला आधार देणारा हा शब्द आहे. राजनीतीतल्या उपायांतही दाम शिरला. संस्कृतातले साम, दान, दंड, भेद मराठीत साम, दाम, दंड, भेद झाले. देणे म्हणजे पैसाच देणे, ही समजूत तोवर भाषेत पक्की झाली होती.

खानदेशातले शेतीचे व्यवहार मात्र जिनसांनाही धरून राहिले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचे नवे साल ठरे, तेव्हा रोख रकमेच्या जोडीला धान्याचीही बोली होई. मठाची पोफळे आणि पळीभर तेल याच रीतीतले.

जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना एक विनंती आहे. पाटणचा हा लेख आपल्या मातीतला आहे, आणि मराठीच्या जुन्या लिखित नमुन्यांत त्याची गणना होते. गणिताच्या तासाला मुलांकडून आंबे-डाळिंबांचे उदाहरण सोडवून घ्या आणि भाषेच्या तासाला ‘दामाचा विसोवा’ समजावून सांगा. पैसा म्हणजे काय, हे त्यांना आपल्याच गावच्या शब्दांतून कळेल.