दहा हजार पावले आणि विनोबांचे रोजचे गाव

मोबाइलवर दहा हजार पावले भरत नाहीत म्हणून चालणेच सोडून दिलेले रुग्ण मला दर महिन्याला भेटतात. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोक्यो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र विकायला काढले. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. यंत्र खपले आणि आकडा जगभर गेला.

त्याच्या चौदा वर्षे आधी, मार्च १९५१ मध्ये, आपल्या शेजारच्या पवनारहून विनोबा भावे हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. वय ५५, पोटात अल्सर, शरीर काटक पण किरकोळ. अंतर सुमारे ३०० मैल, हाताशी एक महिना. म्हणजे दिवसाला साधारण दहा मैल. पहाटे अंधारात निघायचे, ठरलेल्या गावी पोचायचे. पुढचे गाव दुसऱ्या दिवशी. त्या गावात माणसे वाट पाहत असायची, हेही महत्त्वाचे. कोणी वाट पाहत असले की आळस करता येत नाही!

१८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. पुढे उद्दिष्ट ठरले, १९५७ पर्यंत पाच कोटी एकर. ते फार दूर राहिले. भूदानाच्या यशापयशाचा हिशेब इतिहासकारांनी करावा. मला डॉक्टर म्हणून एवढेच दिसते की मोठा आकडा हुकूनही चालणे सुरू राहिले, कारण आजचे गाव रोज गाठता येत होते. विनोबा पवनारला परतले ते १९६४ मध्ये.

पावले मोजण्यावरच्या अभ्यासांचा एक आढावा २००७ मध्ये अमेरिकेत निघाला. यंत्र वापरणारे लोक दिवसाला दोन हजारांहून जास्त पावले वाढवत होते. मात्र ज्या अभ्यासांत उद्दिष्टच दिले नव्हते, तिथे लक्षणीय वाढ दिसली नाही. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात, रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या वयस्क स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावलेवालींपेक्षा बरेच कमी होते. ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

तेव्हा आठवडाभर नेहमीसारखेच चाला, रोजची सरासरी काढा आणि पुढच्या आठवड्यात त्यात ५०० पावले घाला. सोबतीला शेजारी ठरवून घ्या. उन्हाळ्यात पहाटेच निघा. मधुमेहींनी घरी आल्यावर तळपाय नीट पाहावेत. चालताना छातीत दडपण आले तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या.