गाण्याची हवा आणि बावन्न वर्षांचा विसर



गणपतीत आरतीच्या वेळी हॉलची दारं उघडी ठेवायची की एसी लावून बंद, यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत नुकताच बराच खल झाला. "दोन-दोन हात लांब उभं राहिलं की झालं, दारं कशाला उघडायची?" असं एक काका म्हणाले. त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा थोडा इतिहास.

सिअ‍ॅटलहून उत्तरेला तासाभराच्या ड्राइव्हवर माउंट व्हर्नन नावाचं गाव आहे. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी तिथे स्कॅजिट व्हॅली कोराल या गायकवृंदाची रिहर्सल होती. ६१ जण आले. हस्तांदोलन नाही, मिठ्या नाहीत, हाताला सॅनिटायझर. खुर्च्या मात्र नेहमीसारख्या शेजारी-शेजारी. अडीच तास गाऊन सगळे घरी गेले. एकाला आधीपासून सर्दीसारखं होत होतं, एवढंच. पुढे ६१ पैकी ५३ जण आजारी पडले (३३ टेस्टने पक्के, २० लक्षणांवरून) आणि दोघे दगावले.

म्हणजे हात स्वच्छ होते, पण हवेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आता गंमत म्हणा की दुर्दैव, हवेबद्दलची ही माहिती नवी नव्हतीच!

१८९७ मध्ये ब्रेस्लाऊला (आजचं पोलंडमधलं व्रॉत्सवाफ) कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवलं की साधं बोलतानाही तोंडातून जंतू असलेले थेंब उडतात. त्याच वर्षी त्याच गावात मिकुलिच हे सर्जन तोंडाला कापड बांधून ऑपरेशन करू लागले. पण १९१० मध्ये अमेरिकेत चार्ल्स चेपिन यांनी ठासून मांडलं की रोग पसरतो तो स्पर्शाने आणि जवळच्या थेंबांनी, हवेची भीती नको. हे मत आरोग्य खात्यांत चांगलंच रुजलं. १९३४ मध्ये हार्वर्डच्या विल्यम वेल्स यांनी सांगितलं की मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक थेंब पडायच्या आतच सुकतात आणि उरलेला कण बराच वेळ तरंगतो. आणि १९६८ मध्ये लाउडन आणि रॉबर्ट्स यांनी थेट गाणं आणि टीबीचा प्रसार यावरच पेपर लिहिला. अर्ध्या तासानंतरही हवेत राहिलेल्या कणांचं प्रमाण बोलण्यापेक्षा गाण्यात कितीतरी जास्त, जवळजवळ खोकल्याच्या पंगतीला बसणारं!

हा पेपर बावन्न वर्षं धूळ खात पडला. २८ मार्च २०२० ला, म्हणजे त्या रिहर्सलनंतर अठरा दिवसांनी, जागतिक आरोग्य संघटना जाहीर सांगत होती की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे चक्रं फिरू लागली.

मग प्रयोगांची रांग लागली. बव्हेरियन रेडिओच्या गायकांनी ई-सिगरेटची वाफ आत घेऊन गायलं आणि कॅमेऱ्यांनी तो ढग मोजला. तो साधारण मीटरभर, काहींचा दीड मीटर पुढे गेला. त्यावरून समोर २ ते २.५ मीटर आणि बाजूला १.५ मीटर अंतर सुचवलं गेलं. ब्रिस्टलच्या गटाला आढळलं की तेवढ्याच आवाजात गाणं आणि बोलणं यांत फार फरक नाही. खरा फरक आवाजाच्या पट्टीचा नसून जोराचा. हळू आवाजापेक्षा जोरात गाताना २० ते ३० पट कण बाहेर पडतात.

वाद्यांचं म्हणाल तर आपला अंदाज चुकतो. ट्रम्पेटमधून हवेचा झोत सुटत असेल असं वाटतं, पण रुंद तोंडाशी येईपर्यंत हवा मंदावलेली असते. याउलट नाजूक फ्लूट! तिच्यात फुंकर छिद्राच्या कडेवर मारतात, त्यामुळे बरीचशी हवा नळीत न जाता सरळ समोर जाते. आपली आडवी बासरीही त्याच जातीची.

तर काकांना उत्तर असं : अंतराचा उपयोग समोरच्या ताज्या ढगापुरता. बारीक कण नंतर खोलीभर पसरतात, तिथे खिडकीच कामाला येते. माउंट व्हर्ननच्या त्या मंडळींना दोष देऊ नये. त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी पाळलं. आपल्याला मात्र आता माहीत आहे. तेव्हा आरती टिपेच्या आवाजात होऊ दे, फक्त दारं उघडी ठेवून.

चू. भू. द्या. घ्या.