घर किती सालचे?

साठ-सत्तरच्या दशकात या देशात आलेली आपली ज्येष्ठ मंडळी पहिल्या हिवाळ्याच्या आठवणी सांगतात. शिलिंग टाकल्यावर चालणारा गॅसचा मीटर, पॅराफिनच्या हीटरचा वास, स्वेटर घालून झोपणे, सकाळी खिडकीच्या काचेवर आतून धरलेला बर्फ. मुलांना ही गरिबीची गोष्ट वाटते. पण ती कायद्याचीही गोष्ट आहे.

इथे भिंतींवरचा कायदा जुना. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये भिंत विटांची किंवा दगडाची हवी असे ठरले. १८७५ च्या आरोग्य कायद्याने ओल आणि सांडपाण्याकडे लक्ष दिले. भिंतीतून ऊब किती निसटते, हे मात्र कोणी विचारले नाही. कोळसा मुबलक होता. १९६१ च्या पार्कर मॉरिस अहवालाने बैठकीच्या खोलीत १८ आणि स्वयंपाकघरात १३ अंश तापमान राखता यावे असे सुचवले. झोपण्याच्या खोलीसाठी आकडाच नव्हता!

१९६५ साली इंग्लंड-वेल्ससाठी (आतले लंडन सोडून) पहिले राष्ट्रीय बांधकाम नियम आले. त्यात भिंतीची 'यू-व्हॅल्यू' १.७ पेक्षा जास्त नको असे म्हटले. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. जितका लहान, तितके घर उबदार.

मग १९७३ चे तेलसंकट आले. पुढच्या जानेवारीत कारखाने आठवड्याला तीनच दिवस चालू लागले. तोवर हे नियम आरोग्यासाठी होते. 'इंधनाची बचत' हा हेतू १९७४ साली त्यांत आला, आणि तोही ऑफिसच्या भिंतीवर ज्याचे पोस्टर आपण रोज पाहतो त्या 'हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क' कायद्यातून. १९७५ मध्ये भिंतीचा आकडा १.० झाला, १९८२ मध्ये ०.६, १९९० मध्ये ०.४५. आज नव्या घराला ०.२६ च्या वर जाता येत नाही.

वाट सरळ नव्हती. २०१६ पासून प्रत्येक नवे घर 'शून्य कार्बन' असेल, असे सरकारने २००६ मध्ये जाहीर केले आणि २०१५ मध्ये तो बेत सोडून दिला. मधल्या काळात बांधलेल्या घरांची सुधारणा करायची तर तिचा खर्च बहुधा मालकांवरच पडतो.

आणि मुख्य मुद्दा असा, की नवा नियम प्रामुख्याने नव्या घराला लागतो. आपल्यापैकी कितीतरी जण व्हिक्टोरियन काळातल्या नऊ इंची भिंतींत राहतात. तिथला आकडा साधारण २, म्हणजे नव्या घराच्या सात-आठ पट गळती. म्हणून घर घेताना मुलांनी ईपीसीचे अक्षर पाहावेच, पण आधी घर किती सालचे ते विचारावे.

ज्येष्ठांसाठीही एक गोष्ट. फटी बुजवल्या की ऊब राहते, तशी वाफही राहते, आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. म्हणूनच उष्णतेच्या नियमांसोबत हवा खेळती ठेवण्याचे नियमही आले. नव्या घरात शेगडीवरच्या पंख्याने सेकंदाला निदान ३० लिटर हवा बाहेर टाकावी लागते. तेव्हा चकल्या तळताना विजेच्या बिलाकडे पाहून तो पंखा बंद करू नका.