मुंबई बंदरातील हौशी शीडनौकानयन

मुंबई बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधला पूर्वेकडचा समुद्र तीन बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. बाहेरच्या लाटांचा मारा येथे फारसा पोहोचत नाही, मात्र वारा पोहोचतो. म्हणूनच व्यापारी गलबतांच्या या बंदरात केवळ आनंदासाठी शीड उभारण्याची हौसही रुजली.

तिचे वेळापत्रक वाऱ्यानेच ठरवले. जून ते सप्टेंबर समुद्र बंद. पावसाळा सरल्यावर सकाळी जमिनीवरून मतलई वारे वाहतात आणि ऊन चढताच मंदावतात. जमीन तापली की खारे वारे सुरू होतात. दुपारी ते बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतात आणि संध्याकाळपर्यंत टिकतात. भरती-ओहोटीचे भानही तितकेच हवे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला येथे पाण्याच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. अशा ओहोटीत बंदरातले पाणी दक्षिणेला, खुल्या समुद्राकडे जोराने धावते. वारा पडला, तर हलकी होडी त्या ओढीबरोबर वाहत जाते. मुरलेले नाविक म्हणूनच निघण्याआधी भरतीचे कोष्टक बघतात.

वाऱ्याच्या तोंडावर शीडहोडी सरळ चालत नाही, तिला नागमोडी न्यावे लागते. प्रत्येक वळणावर सुकाणू फिरते, नाळ वाऱ्यातून पलीकडे जाते, शीड क्षणभर फडफडते. त्याच्या खालचा आडवा दांडा झपकन दुसऱ्या बाजूला येतो. होडीतली माणसे डोके वाकवून त्याच्याखालून सरकतात आणि विरुद्ध काठावर बसून होडीचा तोल धरतात.

ही विद्या कोळ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. होड्यांचे लाकूडही परके नव्हते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतही वाढणारा साग खाऱ्या पाण्यात कुजत नाही, आणि मुंबईच्या गोदीची कीर्ती सागवानी जहाजांवरच उभी राहिली. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले. त्यांच्या घराण्याने 1817 मध्ये येथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगते आहे.

हौसेला संस्थेचे रूप मात्र ब्रिटिश अधिकारी आणि व्यापाऱ्यांनी दिले. 1846 मध्ये बॉम्बे यॉट क्लब स्थापन झाला. पुढे त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. पालवा बंदराजवळची त्याची निवासी इमारत जॉन अ‍ॅडम्स याने बांधली. शेजारी गेटवे ऑफ इंडिया 1924 मध्ये खुले झाले, म्हणजे क्लब त्याहून कितीतरी जुना. ब्रिटिश अमदानीत क्लबचे दरवाजे युरोपीयांसाठीच राखलेले होते. ज्या तांडेलांना या खाडीतला प्रत्येक खडक आणि प्रवाह तोंडपाठ होता, त्यांना येथल्या खेळात सभासद म्हणून जागा नव्हती. या खेळाचा इतिहास सांगताना ही बाब वगळणे अन्यायाचे होईल.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. क्लबची एक जुनी वास्तू अणुऊर्जा विभागाकडे गेली. ‘ओल्ड यॉट क्लब’ हे नाव विभागाच्या पत्त्यात टिकून राहिले. क्लबात भारतीय सभासद आले, नौदल आणि भूदलाने जवानांना शीड शिकवायला घेतले. ब्रिटनमध्ये आखलेल्या एंटरप्राइज (1956) आणि फायरबॉल (1962) या दोन माणसांच्या होड्या प्लायवूडमध्ये बांधता येत. जुन्या यॉटच्या मानाने खर्च बराच कमी, त्यामुळे खेळ थोडा तरी धनिकांच्या पलीकडे सरकला. याच दशकांत उलट दिशेचाही बदल घडत होता. सातपाटीपासून मुंबईपर्यंत मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसू लागली आणि पोटासाठी उभारले जाणारे शीड मागे पडत गेले.

1982 च्या दिल्ली आशियाई खेळांतील शीडशर्यती मुंबईत झाल्या. फायरबॉल प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. वारा घरचा होता, पण जिंकणे सोपे नव्हते, कारण पाहुण्यांनाही तोच वारा मिळत होता.

नंतर याच बंदरातून लांबच्या सफरी निघाल्या. भूदलाच्या अभियंत्यांची ‘तृष्णा’ 1985 मध्ये येथून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि 1987 च्या जानेवारीत परतली. 2009 मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकटे निघाले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. अभिलाष टॉमी यांनी 1 नोव्हेंबर 2012 रोजी याच होडीवरून मुंबई सोडली आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013 रोजी प्रदक्षिणा पुरी केली.

आज गेटवेसमोर प्रवासी लाँचांची गर्दी असते. घारापुरी आणि मांडव्याच्या वाटेवर त्यांना चुकवतच शीडहोड्या जातात. नौदलाची गोदी आणि मोठ्या जहाजांचा मार्गही त्यांना सांभाळावा लागतो, तरी पावसाळ्यानंतर हंगाम दरवर्षी पुन्हा सुरू होतो.