किंगरीची विद्या

हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने गोंदियाहून पूर्वेस निघाले म्हणजे आमगाव व सालेकसा ही स्थानके मागे पडतात आणि दरेकसा येते. येथपासून सपाट धानाचा मुलूख संपून डोंगर सुरू होतात व गाडी बोगद्यात शिरते. ह्याच डोंगरांत कचारगड नावाची एक प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादी प्रांतांतील गोंड समाजाचे हजारो यात्रेकरू तेथे जमतात. कारण आपल्या गोत्रांचा उगम ह्या गुहेत झाला अशी त्यांची श्रद्धा आहे.

त्या उगमाची कथा गोंडी परंपरेत येणेप्रमाणे सांगतात. कली कंकाली मातेची तेहतीस मुले शंभूने गुहेत कोंडून तोंडावर मोठा धोंडा लावला. पहांदी पारी कुपार लिंगो व रायताड जंगो ह्यांनी त्यांस सोडविण्याचे मनावर घेतले. परंतु धोंडा बाहेरच्या बळाने हलेना. तेव्हा हीरासुका पाटालीर नावाचा वादक गुहेपुढे बसून किंगरी वाजवू लागला. तिचे सूर आत पोहोचताच मुलांच्या अंगी बळ संचारले; त्यांनी आतून रेटा दिला, धोंडा गडगडत खाली आला, आणि मुले सुटली; पण वादक त्या धोंड्याखाली चिरडून मेला. पुढे लिंगोने ह्या मुलांस शिक्षण दिले व त्यांची निरनिराळ्या सगांत वाटणी केली. कथेचे पाठ अनेक आहेत, आणि ऐतिहासिक पुरावा म्हणून तिच्याकडे पाहण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या समाजाची घडी बसविणाऱ्या मूळ कथेत एका वाजविणाऱ्याला इतके मानाचे आणि इतके दुःखद स्थान देणारे लोक फार थोडे असतील.

ही किंगरी वाजविणारे परधान हे आमच्या आजच्या लेखाचे विषय होत. परधान म्हणजे गोंडांचे भाट. त्यांनाच काही भागांत पाटाडी किंवा पठारी म्हणतात, आणि मंडल्याकडे दसोंधी असेही एक नाव आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांच्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात (१९१६) किंगरीचे दोन प्रकार नोंदले आहेत. एक, भोपळ्यातून काठी आरपार घालून तीवर तार ताणलेली, बोटांनी छेडण्याची. दुसरी, घोड्याच्या केसांच्या पिळलेल्या तीन तारांची, गजाने वाजविण्याची. नर्मदेच्या उगमाकडील परधान ह्या दुसऱ्या प्रकारच्या वाद्यास 'बाना' म्हणतात. (ग्रंथ छापून आला तेव्हा रसेलसाहेब हयात नव्हते, डिसेंबर १९१५ मध्ये 'पर्शिया' ही आगबोट पाणबुडीने बुडविली, तींत त्यांचा अंत झाला.)

किंगरी हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. नाथपंथी जोग्यांच्या हाती ती आपण ऐकलेली आहे. आणि देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला, त्यात लघ्वी व बृहती अशा किन्नरी वीणा वर्णिल्या आहेत. किन्नरी शब्दाचीच किंगरी झाली, हे सामान्यतः मान्य आहे. मात्र शार्ङ्गदेवाची किन्नरी पडद्यांची व छेडण्याची. परधानाची किंगरी बिनपडद्यांची व बहुधा गजाची. तेव्हा नाव एकाचे व देह दुसऱ्याचा असा प्रकार येथे झालेला दिसतो. विद्वानांनी ह्या एका नावावरून परधानांस देवगिरीच्या दरबारात नेऊन बसवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता ही विद्या शिकत कशी, हा प्रश्न. त्याचे उत्तर गळ्यात किंवा बोटांत शोधून मिळणार नाही. ते यजमानाच्या अंगणात मिळते. मंडल्याकडचे परधान सांगतात की पूर्वी सात भाऊ होते. बडादेव त्यांच्यावर रुसून ऐनाच्या झाडात जाऊन बसला. थोरल्या भावांचे सारे उपाय थकले, तेव्हा धाकट्याने एक वाद्य तयार केले व झाडाखाली बसून वाजविले. देव प्रसन्न झाला. मग ठरले असे की थोरल्यांनी शेती करावी, धाकट्याने वाद्य वाजवून देव जागवावा, आणि थोरल्यांच्या पिकात धाकट्याचा वाटा असावा. हा धाकटा म्हणजे परधान. म्हणून परधान जे मागतो ती त्याच्या मते भिक्षा नसून भावाचा हिस्सा होय.

शामराव हिवाळे ह्या मराठी गृहस्थांनी मंडल्याच्या परधानांत अनेक वर्षे राहून त्यांच्यावर एक उत्कृष्ट इंग्रजी ग्रंथ लिहिला (१९४६). त्यांचे सहकारी व्हेरिअर एल्विन ह्यांचे नाव जगभर झाले. हिवाळ्यांचे महाराष्ट्रातही फारसे कोणास ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट होय. त्यांच्या ग्रंथावरून दिसते की परधान ठरावीक वर्षांनी, बहुधा तीन वर्षांनी एकदा, आपल्या वंशपरंपरागत गोंड यजमानांकडे फेरी काढी, रात्ररात्र बसून त्यांच्या कुळाची व राजांची गाणी म्हणे, आणि धान्य, वस्त्र, भांडे, क्वचित जनावर असे दान घेऊन परते. ह्या फेरीत बरोबर असलेला मुलगा शिकत असे. प्रथम ओळीचा शेवट उचलून धरावयाचा, हुंकार द्यावयाचा. मग हाती गज यावयाचा. किंगरीचे सूर गळ्याच्या मागोमाग चालतात, स्वतंत्रपणे मिरवीत नाहीत; त्यामुळे ज्याला गाणे येत नाही त्याला वाजविण्याजोगे काही उरतच नाही. आणि गाणे म्हणजे तरी काय? कोणत्या सगाचे कोणते गोत्र, त्याचे देव किती, ते कोठून निघाले, कोणत्या नदीवर थांबले, कोणाशी सोयरीक चालते व कोणाशी चालत नाही. एका कुळाची कथा दुसऱ्याच्या अंगणात गाऊन चालत नसे. थोडक्यात, मुलाने शिकावयाची ती वाद्याची विद्या नव्हे. कोणापुढे काय गावयाचे ह्याची ती विद्या होती.

फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या पंडिताने आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथात (१९४८) एक फार चमत्कारिक वस्तुस्थिती नोंदली आहे. तेथील परधानांची घरची बोली मराठी. पण पूर्वजदेवाच्या पूजेत ते जी दीर्घ कथागीते म्हणतात ती गोंडी भाषेत. म्हणजे गोंडांचे सारे पुराण मराठी बोलणाऱ्या माणसांनी दुसऱ्या भाषेत कंठस्थ ठेविले होते! आमच्या मते परधान-बालकाच्या शिक्षणातील अर्धे कष्ट येथेच होते. पाठशाळेतील ब्राह्मण-बटू संस्कृत घोकी आणि घरी मराठी बोले, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की बटूला ग्रंथ होता, ह्याला नव्हता. ह्याच हायमेनडॉर्फ ह्यांच्या प्रयत्नाने १९४३ च्या सुमारास मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली, आणि गोंडीची क्रमिक पुस्तके नागरी लिपीत छापली गेली. गोंडी भाषा शाळेत पोहोचली. किंगरी मात्र अंगणातच राहिली.

ती ग्रंथात पोहोचली होती, पण निराळ्या वाटेने. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी लिंगोचे दीर्घ गीत एका परधानाच्या मुखातून उतरवून घेतले. हिस्लॉप १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून वारले, व त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या गीतातही लिंगो तंतुवाद्य वाजवितो आणि ते ऐकून एक म्हातारा राक्षस व त्याची बायको नाचू लागतात. हिस्लॉपच्या नावाने नागपुरात महाविद्यालय आहे. ज्याने गीत सांगितले त्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले नाही. ज्यांचा सारा व्यवसाय दुसऱ्यांची वंशावळ स्मरणात ठेवण्याचा, त्यांच्या नशिबी हे यावे!

ही परंपरा क्षीण का झाली, ह्याची कारणे सांगताना लोक बहुधा चित्रपट व ध्वनिक्षेपक ह्यांस दोष देऊन मोकळे होतात. ते आम्हांस पुरेसे वाटत नाही. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या लागोपाठच्या दुष्काळांनी मध्यप्रांतातील खेडी पिळून काढली; ज्याचे स्वतःचे कोठार रिकामे तो धाकट्या भावास वाटा कोठून देणार? त्यापूर्वीच राखीव जंगलांच्या कायद्यांनी गोंडाचे रान आखडले होते. १९५१ मध्ये जमीनदारी व मालगुजारी गेली, तिच्याबरोबर मोठे यजमानही गेले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. येथे फक्त एक परिणाम नोंदवावयाचा आहे.

परंतु ह्याहून खोल असे एक कारण आहे, आणि ते परधानाच्या मनातले आहे. कथेत तो धाकटा भाऊ असला तरी व्यवहारात गोंड त्याच्या हातचे खात नसत. यजमान मेला म्हणजे मृताची वस्त्रे व दागिने परधानास मिळत. तो त्याचा हक्क मानला जाई, आणि त्याच हक्कामुळे त्यास हीन लेखले जाई. मराठवाड्यातील डक्कलवारांची स्थिती अशीच: त्यांनी किंगरीवर मातंग समाजाचे पुराण सांगावे, त्याच समाजापुढे हात पसरावा, आणि त्याच्याही खालची पायरी घ्यावी. असल्या घरातील मुलगा शाळेत चार बुके शिकल्यावर बापाच्या खांद्यावरील किंगरीकडे कोणत्या दृष्टीने पाहील? त्याला तींत वाटा दिसत नाही, झोळी दिसते. त्याने ती टाकली तर कलेच्या नावाने त्यास बोल लावण्याचा अधिकार, ज्यांनी ती झोळी कधी खांद्यावर घेतली नाही अशा आम्हा पांढरपेशांस मुळीच नाही. विद्या बुडाली ती पुष्कळ अंशी स्वाभिमानाने बुडविली, आणि तो स्वाभिमान खरा होता.

कोणी म्हणेल, काश्मीरचा संतूर पाहा. सूफियाना मौसिकीपुरते मर्यादित असलेले ते शंभर तारांचे वाद्य जम्मूच्या उमादत्त शर्मांनी आपल्या मुलाच्या हाती दिले. शिवकुमारांनी (१९३८-२०२२) १९५५ मध्ये मुंबईच्या जलशात ते वाजविले, त्याच्या तारा व जुळणी ह्यांत फेरफार केले, आणि आज ते रागसंगीताच्या बैठकीत सुखाने नांदत आहे. मग किंगरीसही तसेच का उचलू नये? उदाहरण सुंदर आहे, परंतु ते येथे लागू पडत नाही. संतुराच्या तारांवर दोन कलमांचे आघात झाले की संगीत उभे राहते. शब्द वगळले तरी ते अंगाने पुरे आहे. किंगरीतून शब्द वगळले तर तीन केसाळ तारांचा घोगरा स्वर उरतो. तो आम्हांस प्रिय आहे. तथापि त्यावर तासभर मैफल रंगेल असे आम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

आणि तरीही ही विद्या सर्वस्वी मेली नाही, ह्याचा पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला. मंडला भागातील पाटणगढ हे परधानांचे गाव. १९८१ च्या सुमारास तेथील एका मातीच्या भिंतीवरील चित्रे जगदीश स्वामिनाथन ह्यांनी पाठविलेल्या मंडळींच्या दृष्टीस पडली. चितारणारा तरुण जनगढसिंह श्याम (१९६२-२००१) भोपाळास आला आणि नव्याने स्थापन झालेल्या भारत भवनात काम करू लागला. ज्या देवांना बान्यावर आळवीत, ते त्याने कागदावर उतरविले. लवकरच गावाकडची भाचे-पुतणे मंडळी त्याच्या घरी येऊन राहिली. त्याने रेषा काढावी, त्यांनी ठिपके व रेघा भराव्यात, आणि भरता भरता शिकावे. बापामागे हुंकार देत फिरणाऱ्या मुलाची जी पद्धत, तीच ही! ह्यांपैकीच भज्जू श्याम ह्यांस २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. येथे यजमान बदलला: गोंड शेतकऱ्याच्या जागी शहरातील ग्राहक आला, आणि मृताच्या वस्त्रांच्या जागी रोख मोबदला. झोळी सुटली, कथा राहिली. तार मात्र सुटली ती सुटलीच. जनगढ स्वतः दूर जपानात, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, दुःखद रीतीने वारला.

गोंदियाकडे परत येऊ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी कचारगडचे माहात्म्य पुन्हा लोकांसमोर मांडल्यापासून गोंड समाजात आपल्या पुराणाविषयी नवी आस्था जागी झाली आहे. यात्रेत हीरासुका पाटालीराचे नाव आदराने घेतात. ह्या आस्थेतून एखादे दिवशी किंगरी शिकविण्याची शाळा निघाली तर आम्हांस आनंदच होईल. पण ती काढणाऱ्यांनी गज धरावयास शिकविण्यापूर्वी गोत्रवार गीते उतरवून घ्यावीत, गोंडी मूळ व मराठी अर्थ समोरासमोर ठेवून. ज्या वृद्धांस ती येतात त्यांस शिक्षकाच्या वेतनावर नेमावे. मानधन किंवा शाल-नारळ देऊन बोळवण करू नये. आणि शाळेत गोंडांची व परधानांची मुले एकाच पंक्तीस जेवावीत. सात भावांच्या कथेतील करार मोडला तो वाद्यामुळे मोडला नव्हता.