दारूचं माप कोणाच्या हाती?

बंदूक कोणाकडे होती हे इतिहासात आपण विचारतो. दारूचं माप कोणाच्या हाती होतं, हे विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

बिलोलीसारख्या भागात पीक राखणाऱ्याची बंदूक म्हणजे ठासणीची. नळीत दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजानं ठासायचं. खांद्याला बसणारा धक्का या मापावर ठरतो. दारू आणि छर्रे कमी, तर धक्का कमी आणि मारही कमी. रानडुकरं नुसती हुसकायची तर छर्रे लागतच नाहीत.

काडतूस आलं आणि माप कारखान्यात गेलं. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. 1857 नंतर हिंदी लोकांच्या हातातल्या बंदुकीचा इंग्रजांना धसका होताच. पुढे बंगालमधल्या ईशापूरला त्यांनी .303 ली-एनफील्डचं रूप पालटलं. नळी .410 ची, आतून गुळगुळीत. एका वेळी एकच काडतूस. ही मस्केट पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिली. हेतू खांदा वाचवण्याचा नव्हता, ताकद कापण्याचा होता.

बिलोली निजामाच्या राज्यातून सप्टेंबर 1948 मध्ये भारतात आली. 1959 चा शस्त्र कायदाही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक वेगळी काढतो. तिथे माप अजून शेतकऱ्याच्या हाती आहे. सरकारला ते चालतं, कारण, माझ्या मते, एका बारानंतर पुन्हा ठासायला वेळ लागतो.